वाकळेची पायताणं

माझ्या दुखण्यात लोकांना दाखवण्यासारखं काही नव्हतं. ना प्लास्टर, ना टाके, ना जखम. हे लिहितेय ते अशाच माणसांसाठी, ज्यांचं सगळं अंग ठणकतं आणि हातातला रिपोर्ट म्हणतो की काही झालेलं नाही. औषधांची नावं मी सांगणार नाही, ती तुमचे डॉक्टर सांगतील. मी माझी आणि माझ्या सासूबाईंची गोष्ट सांगते, कारण त्यांना वगळून माझं दुखणं मला सांगताच येत नाही. त्या आता नाहीत. लिहिताना मधेमधे थांबावं लागतंय ते हात दुखतो म्हणून नव्हे.

गावाचं दुखणं

आमचं गाव निमगाव केतकी. घरचा पानमळा आहे, म्हणजे विड्याच्या पानांचा. शेवरीच्या झाडांवर नागवेली चढवलेल्या असतात आणि आत भर उन्हाळ्यातही सावली आणि ओल असते. लग्न होऊन मी कळंबहून आले तेव्हा मला उसाशिवाय दुसरं पीक ठाऊक नव्हतं. पानं खुडायला सासूबाईंनी शिकवलं. मी त्यांना आत्या म्हणायचे. अंगठ्यावर लोखंडी नख चढवायचं, देठ त्यावर घ्यायचा आणि वेलीला धक्का न लागू देता पान खुडायचं. ओळीच्या या बाजूला मी, त्या बाजूला आत्या. मधे वेलींची भिंत, त्यामुळे एकमेकींचं तोंड दिसायचं नाही, नुसता आवाज यायचा. सासू-सुनेला याहून चांगली सोय कुठली, असं मी माहेरी सांगायचे.

पानमळ्याचे नियम कडक असतात. पायताण आत चालत नाही, चप्पल बांधावरच काढायची. पाळी असेल तर बाईनं आत पाऊल टाकायचं नाही. आत्या या बाबतीत कुणाचं ऐकायच्या नाहीत. एकदा शेतीखात्याचे साहेब बूट घालून आत निघाले, तर आत्यांनी त्यांना तिथंच थांबवलं आणि बूट काढेपर्यंत समोरून हलल्या नाहीत.

त्या वर्षी पाऊस सरता सरता चिकनगुन्याची साथ आली. आमच्या आळीत एक घर सुटलं नाही. ताप चार दिवसांत गेला, पण सांधे धरले ते सुटेनात. बाजाराच्या दिवशी जो तो कमरेतून वाकून, पाय फाकून चाललेला. एकमेकांना बघून हसूही यायचं आणि हसलं की बरगड्या दुखायच्या. खरं सांगते, ते दिवस इतके वाईट नव्हते. दुखणं गावाचं होतं, सगळे सारखेच कण्हत होते.

मग एकेक जण सरळ चालायला लागला. सत्तरी ओलांडलेल्या आत्या माझ्याआधी सरळ झाल्या आणि मला चिडवायला लागल्या, "म्हातारी कोण, तू का मी?" मी हसले. मला वाटलं, आणखी आठवडाभरात मीही सरळ होईन.

काल खांदा, आज पाय

पुढचं वर्षभर दुखणं माझ्या अंगात फिरत राहिलं. सुरुवातीला ते सांध्यांत होतं, बोट ठेवून दाखवता यायचं. मनगट, गुडघा, घोटा. मग सूज उतरली आणि दुखणं मांसात शिरलं. दंड, पाठ, मांड्या, मानेची मागची बाजू. माझे आजोबा मेंढरं घेऊन फिरायचे, आज या रानात मुक्काम, परवा त्या रानात. माझ्या दुखण्याचं तसंच चाललं होतं, फक्त ते जुनं रान न सोडताच नवं धरायचं.

त्यानंतर कातडीच दुखायला लागली. बांगड्या सोसवेनात म्हणून हातात एकेक ठेवली. पदराची पिन टोचल्यासारखी वाटायची, आणि काढून बघावं तर नीट बसलेली. झोप लागायची पण उठल्यावर अंग आदल्या दिवसापेक्षा जड. मग डोक्यातही धुकं यायला लागलं. आमटीत दोनदा मीठ पडायचं, फ्रीज उघडून उभी राहायचे आणि कशाला उघडला ते आठवायचं नाही.

या दुखण्यात "कुठं दुखतंय?" या प्रश्नाला रोज वेगळं उत्तर असतं, आणि तिथंच माणूस खोटा पडतो. लोक एकदा विचारतात, दोनदा विचारतात, मग एकमेकांकडे बघायला लागतात. शेजारणीनं तर तोंडावर विचारलं, काम निघालं की दुखतं का गं? मी तिला हसून उत्तर दिलं आणि घरात येऊन रडले.

आत्यांना वाटलं, मी चुकून नको त्या दिवशी मळ्यात गेले. मला बाजूला घेऊन त्यांनी हलक्या आवाजात विचारलं. मी नाही म्हटलं, तरी त्यांनी पहिल्या वेलीपाशी नारळ फोडला. बिब्ब्याचं तेल चोळून झालं, गरम विटेचा शेक झाला. शेवटी त्यांनीही हात टेकले. एक दिवस त्या माझ्यादेखत आमच्या मालकांना, म्हणजे त्यांच्या मुलाला म्हणाल्या, "एकाच येळी सगळीकडं कसं दुखंल रं माणसाला? एक काय तरी दुखतं." हे वाक्य माझ्या मनाला फार लागलं होतं.

मालक वाईट नाहीत. इंदापूर झालं, बारामती झाली, रक्त, एक्सरे, सगळं त्यांनी केलं. रिपोर्ट नॉर्मल आला की त्यांचा जीव भांड्यात पडायचा आणि माझा जायचा. एकदा बारामतीच्या लॅबच्या बाहेर मी रिपोर्ट हातात धरून रडत बसले होते. शेजारच्या बाईनं माझा हात धरला आणि म्हणाली, धीर धरा ताई, कॅन्सरवर आता चांगली औषधं आहेत. मी तिला काय सांगणार, की बाई, काही निघालं नाही म्हणून रडतेय.

झोपेचं कुणी विचारलं

माझी मुलगी अश्विनी जळोचीला दिली आहे. तिनं हट्टानं मला बारामतीच्या एका सांधेदुखीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मालक सोबत होते, पण त्यांचा चेहरा असा होता की आणखी एक नॉर्मल ऐकायला आलोय.

डॉक्टरांनी फाईल बाजूला ठेवली आणि पहिला प्रश्न विचारला, झोप कशी लागते? मी बोलायला गेले आणि हुंदकाच फुटला. इतक्या दिवसांत मला हे कुणी विचारलंच नव्हतं. मग त्यांनी मानेला, खांद्याला, कोपराला, गुडघ्याच्या आतल्या बाजूला हलकंसं दाबून बघितलं. मी प्रत्येक वेळी कळवळले. मालक समोर बसून बघत होते आणि त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

डॉक्टरांनी नाव सांगितलं, फायब्रोमायल्जिया. म्हणाल्या, तापानं सुरुवात करून दिली असेल, आता हे वेगळं दुखणं आहे. ते रक्तात दिसत नाही, एक्सरेत दिसत नाही, पण खरं आहे. यानं हाडं झिजत नाहीत आणि जीवही जात नाही. मालकांनी विचारलं, "मग बरी व्हनार का न्हाय?" डॉक्टर म्हणाल्या, पूर्ण जाईल असं मी म्हणणार नाही. बदलत राहील. काही महिने बरे जातील, काही वाईट जातील. वाईट आले म्हणजे कायमचे आले असं समजू नका, आणि चांगल्या दिवसात एकदम सगळी कामं काढू नका.

झोपेची गोळी, रोज थोडं चालणं, गरम पाण्याचा शेक, आणि एक पथ्य. माझे तळवे तेव्हा फार दुखायचे, म्हणून त्या म्हणाल्या की अनवाणी अजिबात चालायचं नाही, घरातसुद्धा मऊ चप्पल हवी. मी मान हलवली. मळ्याचं माझ्या डोक्यात यायला बाहेर पडेपर्यंत वेळ लागला.

परतीच्या एसटीत मालकांनी मला खिडकीची जागा दिली. लासुर्णं आलं. मग खिडकीबाहेर बघतच म्हणाले, "मला वाटायचं तू वाढवून सांगतीस."  

बांधावर

घरी येऊन आत्यांना चपलेचं सांगितलं. त्या धान्य निवडत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "घरात घाल. मळ्यात न्हाय चालत." त्यात राग नव्हता. सूर्य पूर्वेला उगवतो हे सांगावं तसं त्यांनी सांगितलं.

तेव्हापासून मी बांधावर बसायला लागले. आत्या आणि दोन बायका खुडायच्या, मी बाहेर पोत्यावर बसून पानं निवडायची, देठाला देठ लावून जुड्या बांधायची. तेही हातांना जमेल तेवढं. लोकांना वाटेल, सावलीत बसून हलकं काम मिळालं की. पण माझी ओळ रिकामी होती. आत्यांच्या समोरच्या बाजूला आता कुणी नसायचं, आणि त्या एकट्याच काहीतरी बोलायच्या, मग गप्प व्हायच्या. मला ते बांधावर ऐकू यायचं. अंग दुखण्यापेक्षा ते जास्त सलायचं. मला आत जायचं होतं, बाकी काही नको होतं.

एका दुपारी मी जेवून आडवी झाले होते. डोळा उघडला तर आत्या उंबऱ्यात बसून कात्रीनं वाकळ कापत होत्या. ती त्यांच्या आईच्या लुगड्यांची वाकळ, म्हणजे गोधडी होती, लग्नात माहेराहून आणलेली. थंडीत सुद्धा त्या ती कुणाला पांघरू द्यायच्या नाहीत. मी दचकून उठले. वाकळ कशापायी कापताय, असं दोनदा विचारलं तेव्हा त्यांनी माझा पाय ओढून घेतला, कापडावर ठेवला आणि भोवतीनं कोळशाची रेघ मारली. एवढंच.

तीन-चार दिवस त्या शिवत होत्या. थरावर थर ठेवून, जाड दोऱ्यानं, वाकळेला घालतात तसेच बारीक टाके. वरून बांधायला लुगड्याच्याच काठाच्या पट्ट्या. मग ती दोन पायताणं त्यांनी धुतली, वाळवली, पहिल्या वेलीपाशी नेऊन ठेवली, हळदीकुंकू वाहिलं आणि मला हाक मारली. मी बांधावर उभी राहिले. आत जाऊ का नको ते कळेना.

"घाल," आत्या म्हणाल्या. "चामडं न्हाय, रबर न्हाय. लुगड्याचं हाय. आन् लुगडं नेसून तर आपुन मळ्यात जातोच की."

मी पायताणं घातली आणि आत गेले. माती गार आणि मऊ होती. दुखत होतंच, पण सोसण्याइतकं. मी माझ्या ओळीला उभी राहिले आणि पलीकडून आत्यांनी शेजारणीच्या नव्या सुनेचं काहीतरी सांगायला सुरुवात केली. मी पान खुडायच्या निमित्तानं तोंड वेलीत घातलं आणि पोटभर रडून घेतलं.

बरे दिवस, वाईट दिवस

त्यानंतरची वर्षं माझी बरी गेली, असं आता म्हणते. तेव्हा कुणी विचारलं असतं तर नाही म्हणाले असते. दुखणं गेलं नाही, पण ओळखीचं झालं. पावसाळी ढग आले की मान धरते. लग्नाघरी दोन दिवस राबलं की चार दिवस अंथरूण. तळवे पावसाळ्यात निवायचे आणि उन्हाळ्यात पेटायचे. चांगल्या दिवशी घर डोक्यावर घ्यायचं नाही हे मी शिकले, म्हणजे बऱ्याच चुका करून शिकले. तुम्हीही त्या करालच. पण वाईट दिवस आला की त्याला "आला" म्हणा, "आता असंच राहणार" म्हणू नका. एवढं एकच मी छातीठोकपणे सांगू शकते.

आत्यांनी पायताणं दर खुडणीनंतर स्वतः धुतली. टाचेला विरली की नवा थर लावला. त्यासाठी ती वाकळ थोडी थोडी कमी होत गेली.

चिखलात

गेल्या थंडीत माझे फार वाईट दिवस चालू होते. हात खांद्याच्या वर जात नव्हते, अश्विनी आली की ती केस विंचरून द्यायची. तरी त्या सकाळी मी आत्यांबरोबर मळ्यात गेले, नुसती सोबत म्हणून. नुकतंच पाणी दिलेलं होतं. मालक इंदापूरला गेले होते. खुडणाऱ्या बायका अजून यायच्या होत्या.

वेलींपलीकडून आत्यांचा आवाज एकदम थांबला आणि काहीतरी पडलं. मी ओळीच्या टोकाला वळसा घालून गेले तर आत्या चिखलात एका कुशीवर पडल्या होत्या आणि त्यांचा पाय विचित्र वळला होता.

मी त्यांच्या बगलेत हात घातले. उचलायला गेले आणि माझे हात सुटले. पुन्हा घातले, पुन्हा सुटले. बोटं मिटतच नव्हती. आत्या अंगानं इतक्या किरकोळ होत्या की शाळकरी मुलीनं उचललं असतं. मला त्यांना साधं चिखलातून बाजूलाही घेता येईना. मी जोरजोरात हाका मारल्या. मग तिथंच चिखलात बसले आणि त्यांचं डोकं मांडीवर घेतलं.

त्यांचे ओठ पांढरे पडले होते. त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"तू नको वाकू," त्या म्हणाल्या. "तुझं दुखंल."

शेजारच्या फडातले ऊसतोडणीवाले धावत आले. त्यांनी आत्यांना अलगद उचललं. मला उठायलाही त्यांच्यातल्या एका बाईनं हात दिला.

सगळीकडं

खुब्याचं हाड मोडलं होतं. बारामतीला ऑपरेशन झालं. दवाखान्यात मी त्यांच्या उशाशी असायचे आणि माझा उपयोग काही नव्हता. कूस बदलायची तर अश्विनी, भांडं द्यायचं तर अश्विनी, ती नसेल तर तिथली मावशी. त्या मावशींनी एकदा मला सांगितलं, सूनबाई, जरा हात लावा की. आत्याच मधे बोलल्या, तिचे हात दुखत्यात, तिला सांगू नका. वॉर्डातल्या सगळ्या बायकांनी माझ्या धडधाकट दिसणाऱ्या हातांकडे बघितलं. मी पदराखाली घेतले.

मला एवढंच जमायचं की चमच्यानं पाणी पाजायचं आणि त्यांच्या हातावर हात ठेवून बसायचं. एका दुपारी गुंगी उतरल्यावर त्यांनी मान माझ्याकडे वळवली.

"मंगल, मी म्हनायची, एकाच येळी सगळीकडं कसं दुखंल."

"जाऊ द्या की आता, आत्या."

"दुखतं गं. सगळीकडं दुखतं." त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. "तू इतकी वर्सं कशी काढलीस?"

 त्यांच्या दुखण्यावर मला फुंकरही घालता येत नव्हती आणि त्या माझ्या दुखण्यासाठी रडत होत्या. असं कुणी माझ्यासाठी पुन्हा रडेल असं मला वाटत नाही.

घरी आणलं, पण छातीत कफ धरला आणि त्या गेल्या. शेवटची आंघोळ घालताना सुनेनं आधी पाणी घालायचं असतं. तांब्या दोन्ही हातांनी धरून मी एकदाच ओतला. बाकी सगळं इतर बायकांनी केलं.

उतरण

वर्षातून एकदा पानमळ्यात उतरण असते. उंच चढलेल्या वेली सोडवून खाली घ्यायच्या, बुंध्याशी गुंडाळून त्यावर माती टाकायची, म्हणजे त्या पुन्हा नव्यानं फुटतात. उतरण कायम आत्यांच्या देखरेखीखाली व्हायची. यंदा मालक म्हणाले, मळा मोडू, ऊस लावू, उसाला रोज हात लावावा लागत नाही. ते माझ्यासाठीच म्हणत होते. मी म्हटलं, एवढी एक उतरण होऊ द्या.

दरम्यान माझं दुखणं पुन्हा बदललं होतं. कधी ते नेमकं कळलं नाही. सुतकाच्या दिवसांत माझं माझ्याकडे लक्षच नव्हतं. एक दिवस केस विंचरून झाल्यावर ध्यानात आलं की हात वर गेला होता. मला आनंद झाला नाही. पुन्हा येईल हे मला माहीत आहे, डॉक्टरांनी सांगितलंच आहे. पण त्याला जायचंच होतं तर दोन महिने आधी का गेलं नाही, हे मला कुणी सांगावं.

उतरणीच्या दिवशी मी बांधावर वाकळेची पायताणं घालायला घेतली. उजव्याची टाच पार विरली होती. लावायला अजून वाकळेचा तुकडा होता, पण लावणारं माणूस नव्हतं, आणि ती आणखी झिजवायचा मला धीर होईना. मी ती पहिल्या वेलीपाशी ठेवली आणि अनवाणीच आत गेले. प्रत्येक पावलाला दुखण्याची वाट बघत गेले.

आत्या पडल्या होत्या तिथवर पोचले. बायकांनी तिथल्या वेली खाली घेऊन गुंडाळून ठेवल्या होत्या, माती टाकायची राहिली होती. शेजारी घमेलं भरून ठेवलेलं होतं. मी वाकले, दोन्ही हातांनी धरलं आणि उचललं. बोटं मिटली. घमेलं कमरेपर्यंत आलं आणि तिथं राहिलं. ओल्या मातीचं भरलेलं घमेलं, माझ्या दोन हातांत. मी ते धरून तशीच उभी राहिले, आणि मला पुढचं काही दिसेना.

मालक हातातली वेल टाकून धावत आले.

"दुखतंय व्हय?" त्यांनी घमेल्याला हात घातला. "दे हिकडं. तू बस, मी करतो."

"न्हाय," मी म्हटलं. "दुखत न्हाय. कुठंच दुखत न्हाय."

त्यांनी घमेलं ओढून घेतलं, तरी माझे हात तसेच पुढं राहिले.